माळाला शिकवणारा चंडोल

शेवंताकाकूंचं नाव आधी घेतो. चौथीत उर्दू शाळा सुटली, घरी कुणी उरलं नव्हतं, तेव्हा देवणी गावात त्यांनीच मला जेवू घातलं आणि पुढं सिकंदराबादेला आपल्या भावाकडं धाडून रेल्वेच्या कारखान्यात चिकटवलं. त्याच भावानं गेल्या महिन्यात पाळी सुटताना मला कारखान्याच्या दारात गाठलं, "माणिक, दाजी गेले." दाजी म्हणजे काकूंचे मालक, आमचे ज्ञानोबाकाका. रजा मिळाली नाही... मातीला जाता आलं नाही.

काका चंडोल पाळायचे. पिल्लू पिंजऱ्यात, वर काळं फडकं, आणि पहाटे गावामागच्या माळावर. गवतातून रानचा चंडोल उठून आभाळात गात राही आणि फडक्याआडचं पिल्लू ऐकून ऐकून ते गाणं उचली. रानच्या पाखराला काका 'उस्ताद' म्हणत. शिकलेली पाखरं हैदराबादच्या देवड्यांत, म्हणजे नवाबांच्या वाड्यांत, विकली जात. पण जास्त गोड गाणारे उस्तादही काकांनीच जाळं लावून धरले, विकले. पुढं माळ नांगराखाली गेला, भुईमूग आला. काका लांबच्या टेकडीवर जाऊ लागले, मग त्याहून पुढं... एका वर्षी पिल्लानं बैलगाडीच्या चाकाची कुरकुरच तेवढी उचलली. पारावरची माणसं हसली, "काका, तुमचा चंडोल वंगण मागून राहिला की!" काकाही हसले. घरी आल्यावर म्हणाले, "उस्तादच न्हाई उरले रं. आपणच इकून खाल्ले."

यंदा पाडव्याला गेलो, तर पिंजऱ्यावरचं फडकं काढलेलं. आत एक म्हातारा चंडोल. जुन्या माळाचं सगळं गाणं येणारा तो एकटाच राहिला होता. देवडीचा माणूस मागायला आला, काकांनी दिला नाही. उरल्यासुरल्या गवताच्या पट्ट्यात रानची थोडी पाखरं होती, त्यांना अर्धंच गाणं यायचं. तिथं काका रोज पिंजरा नेऊन ठेवत. आधी माळ पिंजऱ्याला शिकवायचा, आता पिंजरा माळाला.

"शिकतील का वो?" मी विचारलं.

"मला काय ठावं... आपण तरी कुठं लवकर शिकलो?"

आता पिंजरा काकू नेतात म्हणे. गुडघे धरलेत, तरी नेतात. पाखरू थकलंय, काकू थकल्यात, आणि मी इथं लोखंड घासून राहिलो. त्या दोघांतलं कोण आधी थांबेल, याची सारखी धास्ती वाटते.

काकू, कुणी हे वाचून दाखवलं तर ऐका. तुमच्या भाकरी माझ्यानं फिटायच्या नाहीत. पण नोकरी राहो न राहो, एक दिवस मी येतो. पहाटेचा पिंजरा मी नेईन. तुम्ही निजून राहा.