मामींनी दोन्ही गाड्या चालवल्या

आमच्या घरात एक वाद कित्येक वर्षं चालू होता. मामाजींची गाडी भारी की माझी?

मामाजी कामठ्याचे शेतकरी. त्यांची गाडी साठच्या दशकातली, विलायती, दोघांपुरती, बिनछताची. लांब बॉनेट, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग. गोंदियातल्या एका राईस मिलच्या गोदामात ती गंजत पडली होती, मामाजींनी आणून पुन्हा उभी केली. माझी लाल गाडी नव्वदच्या दशकातली, जपानी. बटण दाबलं की दिवे बॉनेटमधून वर येतात. पहिल्यांदा ती दाखवायला नेली तेव्हा मामाजी म्हणाले होते, "इच्यात इंजिन हाय का नाही? आवाजच येत नाही."

गेल्या हिवाळ्यात, धान निघाल्यावर मी लाल गाडी घेऊन कामठ्याला गेले आणि जेवताना पुन्हा जुंपली. मामी वाढता वाढता थांबल्या.

"तुमी दोघं कायले भांडून राहिले? मी दोन्ही चालवून पाहतो, मंग सांगतो."

मामाजी हसले. "ट्रॅक्टर नोहे ते."

"धानाच्या चिखलणीले ट्रॅक्टर मीच चालवत होतो ना? तवा तुमी बांधावर उभे राहून पाहत होते."

मामाजींनी खिशातून किल्ली काढून मामींपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या कोहमाऱ्याच्या ढाब्यापाशी उभ्या केल्या. चहा झाला. पदर खोचून मामी मामाजींच्या गाडीत स्टिअरिंगवर बसल्या, मामाजी शेजारी. ट्रकवाले चहाचे कप घेऊन बघायला जमले. पहिला गिअर कर्रकन ओरडला. दुसरा मात्र लोण्यासारखा पडला. मी मागून लाल गाडी घेऊन निघाले. पुढे गुरं आडवी आली. त्या गाडीचे ब्रेक आळशी, हे मला ठाऊक होतं. पण मामींनी लांबूनच गिअर उतरवत वेग कमी केला आणि गुरांच्या अलीकडे शांतपणे थांबल्या. मामाजींनी मागे वळून मला अंगठा वर करून दाखवला.

देवरीला अदलाबदल झाली. आता मी मामींच्या शेजारी. चिचगडचा रस्ता जंगलातून जातो, वळणं भरपूर. लाल गाडी त्यांच्या हातात अशी वळत होती की मला ती नवीनच वाटायला लागली. आरशात मामाजी लहान होत होत दिसेनासे झाले, तेव्हा मामी मोठ्यानं हसल्या. असं हसणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

चिचगडला पोचल्यावर आम्ही वाट पाहत उभ्या राहिलो. मामाजी आले, केसांत धूळ. "बोल आता."

"लाल गाडी चांगली," मामी म्हणाल्या. "पळते बी, थांबते बी. तुमच्या गाडीले दर वळणावर समजवावं लागते."

मी जिंकले! टाळी वाजवणार, तोच त्यांनी मामाजींच्या हातातून किल्ली घेतली.

"पण वापस मी हेच नेतो. समजवून समजवून ऐकते ना, मजा तिच्यातच हाय."

मामाजींचा चेहरा असा फुलला की जिंकलं कोण, ते मला सांगता येईना. संध्याकाळी आम्ही कामठ्यात शिरलो तेव्हा मामी पुढे होत्या, हॉर्न वाजवत. बाया दारात आल्या. एकीनं ओरडून विचारलं, "काऊन वो, कुठं जाऊन आली?"

"चिचगडले!" मामी ओरडल्या आणि घर आलं तरी न थांबता गावाला आणखी एक फेरी मारून आल्या.