टाकी भरली होती

माझ्या थोरल्या भावाला प्रयोगशाळेत सगळे ‘तारवाले’ म्हणत. तळघरातल्या काचेच्या पेटीत केसाहून बारीक तारेला तो आडवी दांडी टांगायचा. दांडीच्या दोन टोकांना दोन छोटे गोळे. बाहेरून शिशाचे मोठे गोळे जवळ आणले की त्यांच्या ओढीने दांडी किंचित वळते. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम बरोबर की चूक, हे त्या किंचितवर ठरतं. दुसऱ्या कुणी हात लावला की तार तुटलीच म्हणून समजा. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे दादा घरीसुद्धा कपबशी आवाज न करता ठेवायचा.

मग नवे सर आले. मोठे गोळे सकाळी जवळ, दुपारी दूर, रोज हाच क्रम. दोन महिन्यांत त्यांनी जाहीर करून टाकलं, जवळच्या अंतरावर न्यूटन चुकतो! फोटो काय, मुलाखती काय! दादा चाचरत म्हणाला, “सर, भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे. सकाळी काठोकाठ असते, दुपारी रिकामी. पाणीही ओढतंच की. एक दिवस क्रम उलटा करून बघू या?”

“तुम्ही तार सांभाळा. न्यूटनचं आम्ही बघतो.”

अहो, सांगणारा तळघरातला म्हणून पाणी ओढायचं थांबतं का? दादा फक्त नोंदवहीत आकड्यांशेजारी रोज लिहीत राहिला: टाकी भरली, टाकी रिकामी. सरांनी शोधनिबंध छापताना तेवढा रकाना गाळला.

पुढे दुसरीकडे तोच प्रयोग झाला आणि न्यूटन जागच्या जागी निघाला. चौकशी बसली. सरांनी खुशाल सांगितलं, तार नीट टांगली नव्हती. निवृत्तीला तीन आठवडे उरलेल्या माणसाकडे लेखी कबुली मागितली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सही करू नकोस. आयुष्यभराच्या कामावर बोळा फिरेल,” मी म्हटलं.

“करणार आहे,” तो म्हणाला. त्याने टाइप केलेला मजकूर पट्टी धरून खोडला, खाली लिहिलं, ‘तार ठीक होती. टाकी भरली होती. नोंदवही पाहावी,’ आणि सही केली.

चौकशीवाल्यांनी वही पाहिली. सगळं जुळलं. दादा सुटला.

दादाच्या निवृत्तीनंतर सरांचा नवा निबंध घरी आला. टाकीची चूक म्हणे त्यांनी स्वतःच शोधली! त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही झालं होतं. शेवटच्या आभारांत इमारतीच्या रखवालदाराचं नाव होतं, दादाचं नव्हतं. त्याने ते पान दोनदा वाचलं.

मग कपबशी अशी आपटली की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.