कौतुकाचा व्हिडिओ

रुक्मिणी आमच्या घाटकोपरच्या इमारतीचा जिना पुसते. चौदा मजले, वरून खाली. दर दोन मजल्यांनी बादलीतलं पाणी बदलते. मी चाळीस वर्षं प्लंबिंग केलं. कोण खरं काम करतं आणि कोण दाखवायला, ते मला कळतं. तिचं खरं.

बोलण्यावरून मालवणकडची, आमच्याच बाजूची. आडनाव विचारलं की हसून टाळायची. मुलगी अक्षता आठवीत. दुपारी शाळेतून थेट इमारतीत यायची, मग दोघी घरी जायच्या. याहून जास्त मला ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिला लिफ्टजवळ सोन्याची बांगडी सापडली. तिने ती वॉचमनला दिली. सेक्रेटरी सुबोधने कॅमेऱ्यातला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी तो आमच्या तालुक्याच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'आपल्या मुलखातली बाई', आणि इमारतीचं नाव. तिला विचारलं नाही. कौतुकाला कसलं विचारायचं?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'ही आमच्या धाकूची बायको. चार वर्षं शोधतोय.' मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर दोनशे जणांनी पाहिला होता. रुक्मिणीला सांगायचं धाडस झालं नाही.

काल दुपारी बाराला गेटवरच्या पाहुण्यांच्या अ‍ॅपने माझ्या मोबाइलवर फोटो दाखवला. धाकू, तुमच्याकडे आलेत, परवानगी? मी 'नाही' दाबलं आणि जिन्यावर धावलो. ती तिसऱ्या मजल्यावर होती.

"धाकू खाली आलाय. व्हिडिओ मी पाठवला होता."

तिच्या हातातलं फडकं सुटलं. उजव्या हाताने तिने डावं मनगट धरलं. ते कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं.

"काका, एकदा माका विचारूचा होता." मग म्हणाली, "साडेबाराक अक्षता येतली. ह्याच गेटातून."

"पंपरूमच्या मागच्या दाराने शाळेत जा. त्याला मी दूर नेतो."

धाकू गेटसमोर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काजूची पिशवी.

"काकानू, तुम्हीच ना? ग्रुपवर तुमचो फोटो आसा."

"चल, चहा घेऊ."

शाळा उजवीकडे. मी डावीकडे वळलो, मुद्दाम हळू. त्यालाही घाई नव्हती.

"ती काम सोडून गेली," मी म्हणालो.

"बरां." त्याने मोबाइल काढला. व्हिडिओ पंधरा सेकंदांचा होता. मी दहाच पाहिले होते. शेवटी अक्षता गणवेशात जिना उतरताना दिसते. त्याने तिथे थांबवलं, दोन बोटांनी तिच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला मोठा केला.

"काकानू, ही शाळा खंयसर इली?"

साडेबाराला पाच मिनिटं होती.