हाउकी तळ्याकाठचा संडास

ओइवा सोर्मुनेनने हाउकी तळ्याकाठचा संडास जाळला, पण वाईट मनाने नव्हे. उलट त्या दिवशी त्याच्या मनात इतका चांगुलपणा दाटून आला होता, की तो कुठेतरी सांडणारच होता. नेमका तिथे सांडला, एवढंच.

मे महिना होता. गर्द झाडांच्या सावलीत मळकं बर्फ अजून टिकून होतं आणि वाट सगळी ओली, चपचपीत. ही रानवाट सांभाळणाऱ्या आयरी नूतिनेनने त्याला काम सांगितलं होतं ते अगदी सोपं. तळ्याकाठी वाटसरूंच्या मुक्कामाच्या लाकडी आडोशापुढे दगडी शेकोटी आहे, तिच्यातली हिवाळाभराची राख काढायची, सरपणाच्या खोपटामागच्या पत्र्याच्या पिंपात टाकायची आणि झाकण लावायचं. दुसरं काही नाही. पण ओइवा शाळेची बस चालवून नुकताच निवृत्त झालेला माणूस. रिकामपण आणि उत्साह दोन्ही ताजे. आदल्या संध्याकाळी कोणी तिथे सॉसेज भाजून गेलं असेल आणि राखेत निखारे असतील, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात आलं ते हे, की संडासातली भुशाची पेटी निम्मी रिकामी आहे.

आमच्याकडचे रानातले संडास कोरडे. उठताना माणसाने पेटीतला झाडाच्या सालीचा भुसा डावभर मागे टाकायचा असतो. ओइवाची आई त्या भुशात थोडी राख मिसळायची, वास मरतो म्हणून. ओइवाला आई आठवली, डोळे जरा ओलावले, आणि त्याने बादलीभर राख भुशाच्या पेटीत ओतून वर छान ढवळून दिली.

मग तो शेकोटी पेटवून, तळ्याकडे तोंड करून कॉफी प्यायला बसला. धुराचा वास आला. शेकोटीपुढे बसलेल्याला धुराचा वास यायचाच. तो उठून दुसऱ्या बाजूला बसला. तिकडेही धूर आला. "आज वारा फिरतोय," तो स्वतःशीच म्हणाला आणि साखरेचा खडा दातात धरला.

एवढ्यात नारिंगी रंगाचा डबा हातात घेऊन आयरी वाटेने आली. झाडांवरच्या वाटखुणा रंगवत ती सकाळपासून फिरत होती. ती थांबली.

"ओइवा, आत कोणी आहे का?"

"कुठे आत?"

"तुझ्या मागे."

ओइवाने मागे वळून पाहिलं. संडासाच्या छपराच्या कडेकडेने ज्वाळा अशा निवांत डोलत होत्या, जणू त्यांना बोलावणं होतं.

दोघांनी तळ्यातून बादल्या आणून ओतल्या. जमीन ओली होती म्हणून रान वाचलं आणि सरपणाचं खोपटं वाचलं. संडास मात्र गेला. वाकडा पत्रा तेवढा राहिला. कपाळाला काजळी लागलेला ओइवा बादली धरून उभा होता आणि वाट बघत होता, की आता आयरी तोंड उघडेल. तिने उघडलं.

"कॉफी उरलीय का?"

हा संडास साधा नव्हता, हे सांगायला हवं. आयरीच्या नवऱ्याचा, एइनोचा, संसार गाईंबरोबर चालला होता. तो वारला, गाई विकल्या, आणि रिकाम्या गोठ्याकडे बघत बसण्याचा आयरीला कंटाळा आला. मग तिने कुऱ्हाड घेतली आणि गाई चरायला जायच्या त्या वाटेवर चालू लागली. पडलेलं झाड दिसलं की तोडायचं, कुजलेली फळी दिसली की बदलायची. पालिकेने पुढे तीच वाट नकाशावर घेतली आणि तिला एक लांबलचक नाव दिलं. ते नाव कोणाच्या लक्षात नाही. आमच्या होंकावारा गावात तिला आयरीची वाट म्हणतात.

आणि वाटेच्या टोकाला तिने गोठ्याच्या फळ्यांतून हा संडास उभारला. तळ्याच्या बाजूला बिनकाचेची खिडकी ठेवली, बसल्या बसल्या पाणी दिसेल एवढ्या उंचीवर. बैठकीवर फोमचा जाड तुकडा बसवला, म्हणजे भर जानेवारीतही खाली ऊब. शेजारच्या तालुक्यातले लोक केवळ त्या खिडकीत बसायला चालत येत. क्रौंच पक्ष्यांची जोडी वसंतात तळ्यावर उतरते, ती सर्वांत छान तिथूनच दिसे. आत गेलेला माणूस लवकर बाहेर यायचा नाही, आणि बाहेरचाही रागवायचा नाही, कारण पाळी त्याचीही येणार होती.

तर असा तो संडास.

होंकावारात त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं आणि कोणी एक अक्षर काढलं नाही. आमच्याकडे माणसाला शरमेसोबत एकटं सोडायची रीत आहे. ती माया असते, पण ज्याच्यावर होते त्याला ती फार लागते. दुकानात ओइवा शिरला की बोलणं हवामानावर जायचं. पेट्रोल पंपाच्या कॉफीच्या टेबलावर त्याला जरा जास्तच जागा करून द्यायचे. फक्त तौनो, त्याचा शाळेपासूनचा मित्र, एक दिवस म्हणाला, "ओइवा, माझी सासू यायचीय रविवारी. आमच्याही संडासात डोकावून जातोस का?" ओइवाला इतकं बरं वाटलं की त्याने तौनोच्या कॉफीचे पैसे दिले.

पण तौनोचं बोलणं काही खरं बोलणं नव्हे. बोलायला हवं होतं आयरीने. ती बोलेना. म्हणून ओइवा तिला टाळू लागला.

हे सोपं नव्हतं. वाट सुरू होते तीच आयरीच्या अंगणाशी, तिच्या पिवळ्या घराच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीसमोरून. ओइवाला जळक्या जागेवर तर जायचं होतं, पत्रा काढायला, माती साफ करायला, आणि खिडकीसमोरून तर जायचं नव्हतं. त्याने गाडी खडीच्या खाणीपाशी लावली आणि दलदलीतून आडवा निघाला. डास त्याच्यावर तुटून पडले. तेही बरंच, कोणीतरी शिक्षा करतंय असं वाटलं. मधोमध दलदलीने त्याचा डावा बूट ठेवून घेतला. हात खांद्यापर्यंत खुपसून त्याने शोधला. मिळाला नाही. एक पाय मोज्यात घेऊन तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी वाटेच्या तोंडाशी पाटीच्या खांबाला एक बूट टांगलेला होता. धुतलेला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवलेला. खिडकीत आयरी कांदे चिरत होती.

आता आत न जाणं शक्य नव्हतं. ओइवा दारात उभा राहिला. "आयरी, हा बूट..."

"तिथे फळ्या हव्यात," आयरी म्हणाली. "माणसं अडकतात."

"मी आधी संडास बांधतो."

"आधी संडास," तिने मान्य केलं, आणि राय धान्याच्या भाकरीला लोणी लावून ती पुढे केली. ओइवाने ती खाल्ली. घशाखाली उतरताना ती भाकरी त्याला मातीच्या विटेसारखी लागली, आणि चूक भाकरीची नव्हती.

जूनमध्ये पालिकेच्या रानवाटा-विभागाची पिन्या आली. पोर नवी होती, दक्षिणेतल्या शहरातून आलेली आणि कामसू. तिने जळकी जागा पाहिली आणि काळजीने म्हणाली, "आयरीबाई, संडास नसेल तर ही जागा मुक्कामाची म्हणून ठेवता येत नाही हो. नियम आहे. सप्टेंबरच्या वाट-दिवसापर्यंत नवा झाला नाही, तर आडोसाही नकाशावरून काढावा लागेल. सरपणही बंद."

"होईल," आयरी म्हणाली.

ओइवा मागे उभा होता. एका बादली राखेने त्याने संडासच नव्हे, तर बाईची अख्खी वाट चुलीत घातली होती, हे त्याला त्या क्षणी नीट कळलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आमच्याकडे जूनमध्ये रात्र होतच नाही, त्यामुळे शरमेला तोंड लपवायला अंधारही मिळत नाही.

तो कामाला लागला. लाकूड विकत आणलं, नदीकाठून दगड आणले, खड्डा नवा खणला. खिडकी मात्र जुन्याच उंचीवर कापली. त्यासाठी तो उन्हात एका ओंडक्यावर पुन्हा पुन्हा बसून पाणी दिसतंय का ते बघत होता. तौनो येऊन म्हणाला, "अरे, भिंती तरी उभ्या होऊ देत!"

जुलै संपता संपता संडास झाला. ओइवा आयरीला बोलवायला गेला. आता तरी, त्याला वाटलं. आता ती बघेल, जुना आठवेल, आणि बोलेल. त्याने मनातल्या मनात उत्तरंही तयार केली होती, सगळी एकच: चुकलो.

आयरी आत जाऊन बसली. बराच वेळ बसली. बाहेर आली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"सरपणाच्या खोपटाचं छप्पर गळतंय."

ओइवाने छप्पर केलं. मग आडोशाची पुढची पायरी बसवली. मग ऑगस्टभर, पिवळ्या बेरी वेचणाऱ्या बायका त्याला टोमणे मारत जात असताना, दलदलीवर फळ्या टाकल्या, खाणीपासून, जिथे त्याचा बूट गेला होता तिथून, थेट तळ्यापर्यंत. प्रत्येक वेळी तो काम संपवून आयरीपुढे उभा राहायचा आणि प्रत्येक वेळी ती त्याला कॉफी द्यायची. अशी कॉफी शत्रूलाही मिळू नये.

एके सकाळी नव्या संडासात भुशाच्या पेटीवर नारिंगी रंगात दोन शब्द रंगवलेले दिसले: राख नको. ओइवाचं काळीज उडालं. बोलली! तो धावतच पिवळ्या घरी गेला.

"आयरी, ते माझ्यासाठी आहे ना?"

"सगळ्यांसाठी आहे," आयरी म्हणाली. "तू आता कशाला टाकशील?"

वाट-दिवस उजाडला, सगळ्या गावाने चालत तळ्यावर जमायचा. रान पिवळं-तांबडं झालं होतं, मोठ्या हंड्यात वाटाण्याचं सूप रटरटत होतं, आणि गाव ओइवाच्या फळ्यांवरून, बूट न भिजवता, तळ्यापर्यंत आलं होतं. पिन्याने संडास पाहिला, नकाशाला हात लावणार नाही म्हणाली आणि ओंडक्यावर चढली.

"हे सगळं एका माणसाने केलंय," ती म्हणाली. "कोणी न सांगता, उन्हाळाभर! सोर्मुनेनकाकांसाठी टाळ्या!"

टाळ्या झाल्या. आमच्या लोकांना टाळ्या वाजवायची सवय नाही, म्हणून त्या सुरुवातीला तुटक आणि मग उगाच जोरात आल्या. ओइवाचे कान रंगाच्या डब्यासारखे नारिंगी झाले.

"आणि जुन्याचं काय झालं होतं हो?" पिन्याने निरागसपणे विचारलं.

सगळं गाव आपापल्या सूपमध्ये बघू लागलं. तौनोने चमचा तोंडात घातला तो काढलाच नाही. आणि त्या शांततेत, ओइवाच्या जन्मात जिला कोणी एक खोटा शब्द बोलताना ऐकलं नव्हतं ती आयरी नूतिनेन म्हणाली, "जुना झाला होता."

हे ओइवाला सोसवलं नाही. त्याने वाडगा खाली ठेवला आणि पळाला. रानात पळावं तर सगळीकडे माणसं. राहिली एकच जागा. तो संडासात शिरला आणि आतून कडी लावली.

खिडकीतून तळं दिसत होतं, बरोबर जुन्याच उंचीवर. तो तिथे नुसता बसून राहिला. समोर ती नारिंगी अक्षरं: राख नको. बाहेर आधी कुजबुज झाली, मग पायांची चुळबुळ. वाटाण्याचं सूप आपलं काम करत होतं.

दारावर टकटक झाली. "ओइवा," आयरीचा आवाज आला, "बाहेर ये. पोरं खोळंबलीत."

तो बाहेर आला. दारापासून शेकोटीपर्यंत रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाने शिस्तीत झाडांकडे पाहिलं. फक्त तौनो हळूच म्हणाला, "पेटला नाही ना?"

दुपार कलली तशी माणसं पांगली. ओइवा आणि आयरी तळ्याच्या काठाशी उकिडवे बसून वाळूने हंडा घासत होते. ओइवा एकच जागा घासत राहिला होता.

"आयरी."

"हं."

"एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर. मे महिन्यातच. चार शिव्या दिल्या असत्यास तर मी संडास बांधून मोकळा झालो असतो. उन्हाळाभर मान वर करता आली नाही मला."

आयरीने हंडा पाण्यात बुडवला, उलटा करून निथळू दिला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आणि मग फळ्या कोणी टाकल्या असत्या?"