नाचाच्या मधोमध

आई गेल्यापासून मला ना रडू येत होतं, ना भूक लागत होती. शेवटी मैत्रीण हट्टाने तिच्या नृत्यवर्गाला घेऊन गेली. सेनेगलहून आलेली आवा तिथे आपल्या गावचे नाच शिकवायची. ढोल सुरू झाला तशा सगळ्या नाचू लागल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

आवा जवळ आली. मैत्रिणीने तिला सांगितलं असावं.

"दुखतंय?" तिने मोडक्या हिंदीत विचारलं.

"नाही. काहीच होत नाही."

"मग नाचू नकोस. मध्ये बस. आम्ही नाचतो."

मी बसले. लाकडी जमिनीचे हादरे तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत येत होते; त्यापुढे काही नाही.

ढोल थांबला. सगळ्या पाणी प्यायला गेल्या. मला उठवेना.

"अजून थोडं वाजवता?" मी ढोल वाजवणाऱ्याला विचारलं. कित्येक दिवसांत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.