मेहुण्याची खुर्ची

लेकीचे दात वेडेवाकडे आले, तेव्हा तारा कुणाकडून लावायच्या हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. बायकोचा चुलतभाऊ कोल्हापुरातच दातांचा डॉक्टर. घरचा माणूस सोडून परक्याकडं गेलो असतो, तर पार गडहिंग्लजच्या सासरवाडीपर्यंत बोभाटा झाला असता.

त्यानं लेकीला खुर्चीत बसवून तिच्या तोंडात आरसा घालून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, चार दात काढू आणि तारा लावू. भ्यायचं काय त्यात, घरचाच दवाखाना हाय."

एक्स-रे नाही, दातांचा साचा नाही. ट्रेमध्ये भुलीची सुई तयार होती. चांगले, न किडलेले दात. एकदा उपटले की गेले. तू तारांचं वेगळं शिक्षण घेतलंयस का, एवढंच विचारायचं होतं. पण घरच्या माणसाला डिग्री कशी विचारायची? मूर्ख मी! मंडईत एक वांगं दहादा उलटंपालटं करून बघतो, आणि इथं जिभेला कुलूप.

लेकीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. शेवटी तिनंच विचारलं, "मामा, तुम्ही आधी किती जणांना तारा लावल्या?"

"तूच पहिली की!" तो खदाखदा हसला.

आतून घाबरलो होतो, तरी मीही हसलो. मेहुण्यासमोर हसावं लागतं म्हणून हसलो.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मग माझं बोट सोडून ती एकटीच खुर्चीवरून खाली उतरली.