मागून सगळ्या सारख्याच

नोकरी लागली तेव्हाच बाबांनी मला गाडी घेऊन द्यायचं ठरवलं होतं. आमच्याकडे गाडी म्हणजे दुचाकी. मुहूर्तही त्यांनीच काढला, अक्षय तृतीया. तोपर्यंत मी सायकलने जाईन असं म्हटलं. थंडीचे दिवस होते, कोणी हरकत घेतली नाही. नंदनवनहून सिव्हिल लाइन्सपर्यंत सायकल मारणं हा माझा थंडीपुरता शौक आहे, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला ती कायमची हवी होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगायला अवघड होतं. शेअर ऑटोत बसलं की शेजारच्या काकू विचारतात, कुठे काम करतेस, घरी कोण कोण आहे, लग्नाचं काही पाहताहेत का. मी सगळ्यांची उत्तरं देते आणि ऑफिसात पोचेपर्यंत माझं दिवसभराचं बोलणं संपून गेलेलं असतं. गाडीवर कोणी असं विचारणार नाही, पण गाडीला मागची सीट असते. मग आईला देवळात सोड, मावशीला स्टेशनवर सोड, ऑफिसातलीला चौकापर्यंत सोड. सायकलवर मी एकटी बसते. एवढंच कारण होतं, आणि ते मोठ्याने म्हटलं असतं तर माणूसघाणेपणाचं वाटलं असतं.

सायकल मी घेतली तीही दिसण्यावर भाळून. बारीक टायर, वाकडं हँडल, मातकट हिरवा रंग. तिला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, स्टँडसुद्धा नव्हता. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर फुटलेल्या पाइपच्या पाण्यातून गेले आणि कुर्त्याच्या पाठीवर खालपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटला. दिवसभर मी ऑफिसात भिंतीला पाठ लावून बसले. पाठीवरच्या सॅकमुळे घामाचा दुसरा पट्टा रोज उमटायचाच. मग एकेक गोष्ट बसवत गेले. आधी मडगार्ड, मग सलवार अडकू नये म्हणून चेनकव्हर. कॅरिअर बसवलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणारी कापडी बॅग घेतली. एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला घडी केलेला कोरडा कुर्ता. दुकानदार म्हणाला, “ताई, आता ही दूधवाल्याची सायकल दिसून राहिली.” मला ती तेव्हाच पहिल्यांदा आवडली.

उन्हाळ्याचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागतो. आमच्या गावातल्या मुली मार्चपासून पांढरा सनकोट घालतात आणि डोळे सोडून सगळं डोकं-तोंड स्कार्फमध्ये बांधतात. मला त्या स्कार्फचं कधीच ओझं वाटलं नाही. त्याच्या आत मी कोणीच नसते. हेल्मेट मात्र त्यावर बसत नव्हतं, मागची गाठ टोचायची. शेवटी पातळ सुती स्कार्फ घेतला, सीताबर्डीच्या फूटपाथवरचा, निळ्यावर पांढरे ठिपके, आणि गाठ मागे न मारता हनुवटीखाली घ्यायला शिकले. पाण्याच्या बाटलीला ओला मोजा चढवला. वाटेतला पूल चढून गेल्यावरही पाणी थंड लागायचं.

या सगळ्यात बाबांची भर म्हणजे कांदा. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं. रोज सकाळी ते टोपलीतून एक कांदा निवडायचे, फार मोठा नाही, फार लहान नाही, आणि माझ्या सनकोटाशेजारी काढून ठेवायचे.

“मेमध्ये काही जमणार नाही सायकल,” ते म्हणायचे. “तोवर हा घेऊन जा.”

मी मान हलवायचे. माझ्या मनात वाक्य तयार असायचं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. बाबा, मला गाडी नको. ते तोंडाशी येऊन परत जायचं.

अक्षय तृतीयेला आठवडा राहिला असताना एका सकाळी मी कांदा विसरले. नंदनवनमधून निघाल्यावर थोडं पुढे कडुनिंबाखाली थांबून हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होते, तेवढ्यात शेजारून बाबांची जुनी स्कूटर गेली. त्यांचं लक्ष समोर होतं. मी हाक मारली नाही. भर रस्त्यात ओरडणं मला जमत नाही. त्यांच्या मागे निघाले.

सेंट्रल अव्हेन्यूच्या सिग्नलवर उन्हाळ्यात बांधतात ती हिरवी जाळी लागली होती. लाल दिव्याला सगळे तिच्या सावलीत गोळा झाले होते. सर्वांत पुढे सायकलवर एक मुलगी. पांढरा सनकोट, हेल्मेट, निळ्यावर पांढरे ठिपके. बाबांनी स्कूटर तिच्याजवळ घेतली आणि कांदा पुढे केला.

“घे. विसरली ना?”

मुलीने कांद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“काका, मी जगनाडे चौकापासून पाहून राहिली, तुम्ही माझ्याच मागं येऊन राहिले. काहून?”

“बेटा, कांदा...”

“कांद्याचं काय?”

“उन्हाचा. खिशात ठेवाचा.”

“पण मलेच काहून देऊन राहिले?”

एक मोटरसायकलवाला हसला. दुसरा म्हणाला, “काका, भाजी विकता का?” बाबांनी आयुष्यभर सरकारी ऑफिसात कारकुनी केली. कोणा अनोळखी बाईशी ते मान वर करूनही बोलत नाहीत. ते कांदा हातात धरून तसेच उभे होते, कान लाल झालेले.

मी दोन गाड्या मागे होते. स्कार्फमध्ये होते, मला कोणी ओळखणार नव्हतं. आधी माझ्या मनात हेच आलं. मग मी हनुवटीखालची गाठ सोडली, स्कार्फ खाली ओढला आणि म्हटलं, “बाबा, मी इथे आहे.”

बेतापेक्षा मोठ्याने निघालं. जाळीखालचे सगळे लोक वळले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मुलीने माझा आणि स्वतःचा सनकोट पाहिला आणि हसायला लागली.

“घ्या काका, सापडली तुमची पोरगी.”

“चुकलो बेटा. कांदा तुलेच राहू दे.”

“द्या. आमच्या बाबांले तर आठवतच नाही.” तिने तो खिशात टाकला.

दिवा अजून लालच होता. बाबांनी तिला हळूच विचारलं, “मेमध्येही चालवतं काय तू?”

“हो ना. ऑफिसात सांगतलं, लवकर येतो, लवकर जातो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघतो.”

दिवा हिरवा झाला, ती गेली. ती पुन्हा दिसली असेल, पण मला कळलं नसणार.

संध्याकाळी आईला सगळं कळलं. तिला हसू आवरेना. “यायले स्वतःची पोरगी ओळखू आली नाही वं.”

“मागून सगळ्या सारख्याच दिसते,” बाबा म्हणाले. “गाडी असती त नंबरावरून ओळखली असती. येऊ दे अक्षय तृतीया.”

सकाळी एकदा तोंड उघडून झालं होतं, त्याचाच जोर असावा. मी म्हटलं, “बाबा, मला गाडी नको.”

आईचं हसू थांबलं.

“काहून?” बाबांनी विचारलं.

मागच्या सीटचं मी सांगितलं नाही. “सायकल बरी वाटते,” म्हटलं. “मेमध्ये मीही लवकर जाईन. विचारते ऑफिसात.”

त्यांनी उठून पंखा थोडा वाढवला. मग म्हणाले, “त्या पोरीच्या सायकलले मागं लाल चमकत होतं. तुझ्या सायकलले काहून नाही?”

अक्षय तृतीयेला आम्ही सायकलच्या दुकानात गेलो. बाबांनी मागचा लाल दिवा घेतला, आणि कॅरिअरला बांधायला चमकणारा भगवा पट्टा, रस्त्याच्या कामावर लावतात तसला. मी निवडला असता तर करडा निवडला असता. दुकानदाराने विचारलं, “ताई, एवढा भडक?” मी म्हटलं, असू दे. घरी आल्यावर बाबांनी सायकलला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, जसं गाडीला केलं असतं तसं.

दुसऱ्या दिवशी लवकर निघाले. खिशात कांदा होता. चौकात पोचल्यावर मागे वळून पाहिलं, स्कूटर येते आहे का. नव्हती. थोडा वेळ थांबले, मग स्कार्फची गाठ सारखी केली आणि पायडल मारलं.